थंडी धूर करत नाही, ती फक्त कोंडून ठेवते

दिवाळी संपून थंडी पडायला लागली की मालेगावात खोकल्याचे पेशंट वाढतात. घसा खवखवणं, नाक चोंदणं, रात्री छातीत घरघर, लहान मुलांना पहाटे उठवणारा कोरडा खोकला. आणि बहुतेक जण कारणही स्वतःच सांगून मोकळे होतात, "हवा बदलली ना डॉक्टर, म्हणून."

हे वाक्य अर्धं खरं आहे. हवा बदलते आणि त्याचा त्रास होतो, हे बरोबर. पण उरलेला अर्धा भाग आपण सोडून देतो. थंडी स्वतः धूर तयार करत नाही. धूर आपणच करतो, थंडी तो आपल्या नाकासमोर कोंडून ठेवते. हा फरक नीट समजला, तर स्वतःची काळजी कधी घ्यायची हे कळेल आणि गावाने काय मागायचं हेही कळेल. म्हणून आज थोडा भूगोल, थोडं हवामान आणि मग औषधपाणी.

आधी गावाचा नकाशा

मालेगाव गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलं आहे. पश्चिमेला बागलाणचे साल्हेर-मुल्हेरचे डोंगर, दक्षिणेला चांदवडकडची सातमाळा रांग, उत्तरेला गाळण्याच्या टेकड्या. काठमांडूसारखी ही खोल वाटी नाही. उथळ परात म्हणा हवं तर. पण परातीच्या मध्यभागी जसं पाणी साचतं, तशी रात्रीची थंड हवा नदीकाठच्या सखल भागाकडे उतरते आणि तिथेच बसून राहते. थंड हवा जड असते, ती उतार शोधते.

दुसरी गोष्ट पावसाची. आपण सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहोत. एकाच नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर आपल्याकडे साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. पाऊस हवा धुतो. म्हणजे वर्षभरात आपल्या हवेची धुलाईच कमी वेळा होते. जमीन कोरडी, धूळ मोकळी, समुद्र लांब.

यातलं काहीही आपल्या हातात नाही. डोंगर तिथेच राहणार आणि नद्याही तिथूनच वाहणार.

थंडीत हवेला झाकण लागतं

एरवी जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते आणि वर जाते. तिच्याबरोबर धूर आणि धूळही वर जाऊन पसरते, विरळ होते. उन्हाळ्याच्या दुपारी ही उलथापालथ जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत चालते.

हिवाळ्यात रात्री उलटं होतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. सूर्य मावळला की जमीन भराभर थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही थंड होते. वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. खाली थंड आणि वर गरम, अशी रचना झाली की खालची हवा वर चढूच शकत नाही. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. हवामानशास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. अशा पहाटे धुराला पसरायला कधी कधी जमिनीपासून जेमतेम शंभर-दोनशे मीटरच जागा उरते.

आता हिशोब करा. गावाने केलेला धूर तेवढाच आहे. पण उन्हाळ्याच्या दुपारी तो ज्या खोलीत पसरत होता, तिचं छत दोन किलोमीटरवर होतं आणि आता दोनशे मीटरवर आलं. खोली दहापट लहान झाली, तर तोच धूर दहापट दाट होणार.

हे पाहायला कुठलं यंत्र लागत नाही. डिसेंबरात सकाळी सात वाजता गच्चीवर जा आणि एखाद्या चिमणीचा किंवा शेकोटीचा धूर बघा. थोडा वर जातो आणि मग जणू काही अडलं असावं तसा आडवा पसरतो. तेच ते झाकण. ऊन चढून जमीन तापली की नऊ-दहाच्या सुमारास ते उघडायला लागतं, आणि संध्याकाळी सूर्य मावळला की पुन्हा बसायला लागतं.

चार ऋतू, चार तऱ्हेची हवा

पावसाळा: जून ते सप्टेंबर. नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस यामुळे वर्षातली सगळ्यात स्वच्छ हवा. या दिवसांतला खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा, ओलाव्याचा, भिंतींवरच्या बुरशीचा असतो. पावसाने मोठा खंड दिला की धूळ परत उडायला लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: मान्सून परतला की वारा पडतो आणि रात्री थंड व्हायला लागतात. त्याच वेळी दिवाळीचे फटाके येतात आणि आजूबाजूच्या शेतांत मक्याचं धसकट, नंतर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतात. झाकण बसायला आणि धूर वाढायला एकच मुहूर्त.

हिवाळा: डिसेंबर ते फेब्रुवारी. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी तो २८-३० पर्यंत चढतो. हवा सर्वात वाईट असते ती पहाटे ते सकाळी नऊपर्यंत आणि रात्री आठनंतर. दुपारी त्यातल्या त्यात बरी.

उन्हाळा: मार्च ते मे. पारा ४३-४४ च्या घरात जातो. झाकण उघडलेलं असतं, त्यामुळे धूर विरतो, पण वावटळी आणि कोरड्या रस्त्यांची धूळ उडते. ही धूळ जाड असते. डोळे, नाक, घसा यांना ती त्रास देते, पण बरीचशी नाकातच अडकते.

हिवाळ्यातला धूर वेगळा. ज्वलनातून निघालेले कण फार बारीक असतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले सर्वात बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून या हवेचा त्रास दम्याच्या रुग्णापुरता राहत नाही. हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोकाही अशा हवेत वाढतो. "मला कुठे दमा आहे?" असं म्हणणाऱ्या साठीच्या ब्लडप्रेशरवाल्या काकांनीही हे वाचावं, ते यासाठी.

मग हा धूर येतो कुठून?

मालेगाव हे यंत्रमागाचं गाव आहे. लाखाहून जास्त माग इथे चालतात. माग विजेवर चालतो, त्याला धूर नाही. पण मागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ द्यावी लागते, आणि त्या सायझिंगला वाफ लागते. वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरला जळण. लाकडाबरोबर प्लॅस्टिकचा आणि रबराचा कचराही जाळला जातो, ही गावातली जुनी तक्रार आहे. जुनं प्लॅस्टिक गोळा करून त्याची गिट्टी करणारे कारखानेही इथे पुष्कळ. उपयोगाचं प्लॅस्टिक गिट्टीत जातं. जे निरुपयोगी उरतं त्याचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

त्यात भर महामार्गावरच्या ट्रकांची, गल्लीतल्या जुन्या रिक्षांची, बेकरी आणि हॉटेलांच्या भट्ट्यांची, चुलींची, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्याची. आणि थंडीतल्या शेकोटीची, जिच्यात लाकूड कमी आणि टायरचा तुकडा, पिशव्या, चिंध्या जास्त असतात.

लाकडाचा धूर वाईटच आहे, पण प्लॅस्टिक आणि रबराचा त्याहून वाईट. पीव्हीसीचं प्लॅस्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो ओलसर घशात आणि श्वासनलिकेत आम्ल तयार करतो. डायॉक्झिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, जी शरीरात वर्षानुवर्षं साठून राहतात. टायरच्या धुरात गंधकाचे वायू आणि कॅन्सरला कारण ठरणारी रसायनं असतात.

मागाच्या खोलीतली धूळ हा आणखी वेगळा विषय. सुताच्या तंतूंमुळे बिसिनोसिस नावाचा आजार होऊ शकतो. तो जिनिंगमध्ये आणि सूतगिरणीत जास्त दिसतो, पण माग चालवणाऱ्यांनीही ओळखून असावा. पुस्तकात त्याची खूण 'सोमवारी छाती आवळणे' अशी लिहिलेली असते, कारण रविवारच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की त्रास उफाळतो. मालेगावात मागांना सुट्टी शुक्रवारी. म्हणजे आपल्याकडे डॉक्टरने विचारायचा प्रश्न असा, "शनिवारी छाती जास्त भरते का?" तुम्हाला असं होत असेल तर आपणहून सांगा.

"आपल्या गावाची हवाच अशी"

हे मला सर्वात घातक वाक्य वाटतं. कारण त्याने प्रश्न संपतो आणि जबाबदारीही संपते.

यावर एक उदाहरण सांगतो. चीनची राजधानी बीजिंग. तिच्या उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर. हिवाळा कडक, वारा पडलेला, आणि घरं गरम ठेवण्यासाठी कोळसा. जानेवारी २०१३ मध्ये तिथली हवा इतकी बिघडली की जगभर बातम्या झाल्या. भूगोल आणि ऋतू यांच्यावर सगळं ढकलायचं असतं, तर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी भक्कम कारण होतं.

सप्टेंबर २०१३ मध्ये चीनने हवेसाठी कृती आराखडा जाहीर केला. बीजिंगमधले कोळशाचे बॉयलर गॅसवर नेले, घरातल्या कोळशाच्या शेगड्या बदलल्या, २०१७ मध्ये शहरातलं शेवटचं मोठं कोळशाचं वीज केंद्र बंद केलं. पीएम २.५ या बारीक कणांची तिथली वार्षिक सरासरी २०१३ मध्ये दर घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. २०१७ मध्ये ती ५८ झाली आणि २०२१ मध्ये ३३. डोंगर हलले नाहीत, हिवाळाही आला तसाच. जळण बदललं.

३३ हा आकडा आदर्श आहे असं नाही. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा फक्त ५ आहे. पण आठ वर्षांत निम्म्याहून कमी, हे थोडं नाही.

याच गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमध्ये काही ठिकाणी कोळशाच्या शेगड्या आधी काढल्या आणि गॅस पुरेसा पोचलाच नाही. लोक थंडीत कुडकुडले. पर्याय हातात देण्याआधी बंदी आणली तर भोगावं लागतं ते गरिबालाच.

मालेगावात हे विसरून चालणार नाही. "सायझिंग बंद करा" म्हणणं सोपं आहे. पण ताणा थांबला की माग थांबतो, आणि माग थांबला की हजारो घरांतली चूल थांबते. भुकेचाही आजार होतो, हे डॉक्टरला कुणी वेगळं सांगायला नको. म्हणून मी कारखाने बंद करा म्हणत नाही. बॉयलरमध्ये काय जळतं ते बदला, एवढंच म्हणतो. आणि ते बदलण्याचा सगळा खर्च लहान मालकाच्या माथी मारू नका. चार-पाच युनिटांना मिळून एक चांगला बॉयलर, धूळ पकडणारी यंत्रणा, त्यासाठी स्वस्त कर्ज, हे शासनाने द्यायला हवं. पण प्लॅस्टिक आणि टायर जाळायला मात्र सबब नको, कुठल्याच ऋतूत.

तुम्ही स्वतः काय करू शकता?

दिवाळीपासून होळीपर्यंत एवढं पाळा:

- फिरायला पहाटे पाचला जाऊ नका. "पहाटेची शुद्ध हवा" ही समजूत आपल्या गावात हिवाळ्यात खरी नाही. सकाळी साडेनऊनंतर किंवा दुपारी चार ते सूर्यास्तापर्यंत फिरा. व्यायाम सोडू नका, फक्त वेळ बदला.
- खिडक्या दुपारी ११ ते ४ सताड उघडा. पहाटे आणि रात्री, बाहेर धूर असेल तेव्हा, बंद ठेवा. पण घरात चूल किंवा शेगडी पेटलेली असेल तर खिडकी उघडीच हवी. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं.
- घरात केर काढताना पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. डासांची कॉइल आणि धूप बंद खोलीत जाळू नका.
- रुमालाने किंवा ओढणीने धूळ अडते, बारीक धूर अडत नाही. पहाटे दुचाकीवर जावंच लागत असेल तर नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरा.
- दमा किंवा सीओपीडी असेल तर रोजचा इन्हेलर बरं वाटलं म्हणून बंद करू नका. थंडी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटून डोस ठरवा, आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा. इन्हेलरची सवय लागत नाही. त्यात गोळीपेक्षा औषधाचं प्रमाण खूप कमी असतं.
- समीर ॲपवर जवळच्या केंद्राचा निर्देशांक बघायची सवय लावा. २०० च्या वर असेल तर लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं आणि हृदयाचे-दम्याचे रुग्ण यांनी बाहेरची मेहनत टाळावी.

प्रत्येक खोकला प्रदूषणावर ढकलू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आणि बसल्या जागी दम लागणं, एक वाक्यही सलग बोलता न येणं, ओठ निळे पडणं, छातीत दुखणं, यांत सकाळ होण्याची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि जे एकट्याने होणार नाही

वरची यादी लिहिताना तिची मर्यादा मला दिसते आहे. साडेनऊनंतर बाहेर पडा, हा सल्ला रिटायर्ड शिक्षकाला उपयोगी आहे. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या माग कामगाराला तो कसा पाळता येणार? भल्या सकाळी झाडू घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगाराला? दूधवाल्याला, पेपरवाल्या पोराला, पहाटे बाजार समितीत माल आणणाऱ्या शेतकऱ्याला? सर्वात वाईट हवेच्या तासांत तेच बाहेर असतात. आणि सायझिंगच्या बॉयलरमध्ये जळण टाकणारा माणूस तर तो धूर पहिल्यांदा गिळतो.

त्यांच्यासाठी माझ्या प्रिस्क्रिप्शनवर काहीच लिहिता येत नाही. त्यांचं औषध गावाकडे आहे.

ते अशक्य नाही. झाकण कोणत्या महिन्यांत आणि किती वाजता बसतं, हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, संध्याकाळपासून सकाळी नऊपर्यंत, उघड्यावर काहीही जाळायचं नाही, हा नियम महापालिकेने करावा आणि पाळूनही घ्यावा. रस्ते झाडण्याआधी पाणी मारावं. कचरा उचलला गेला तर तो पेटवण्याची वेळच येणार नाही, म्हणून थंडीत घंटागाडीची फेरी चुकू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाने बॉयलरची तपासणी दुपारी बारा वाजता करण्याऐवजी पहाटे करावी. राज्य शासनाने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेसाठी. पण आपल्या गावात तो फुप्फुसांसाठीही तितकाच मोलाचा आहे. तुमच्या मुलाची शाळा तो पाळते का, ते विचारा.

एक शेवटची गोष्ट. आपल्या गावात कुठल्याही प्रश्नावर मोसम पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन पक्ष लगेच पडतात. धूर त्यांच्याकडचा आणि खोकला आमच्याकडचा, किंवा उलट. पण रात्री बसणारं झाकण नदी बघून थांबत नाही. ते कॅम्पवरही असतं आणि किल्ल्याजवळच्या वस्तीवरही, आणि त्याखालची हवा सगळ्यांची एकच असते. फुप्फुसाच्या एक्स-रेवर पत्ता लिहिलेला नसतो.

या हिवाळ्यात आपल्या गल्लीतली एक कचऱ्याची होळी थांबवा, एका शेकोटीतून टायरचा तुकडा बाजूला काढा, आणि पुढच्या वेळी वॉर्डात मत मागायला कुणी आलं की रस्ता आणि गटार यांच्याबरोबर पहाटेच्या धुराबद्दलही विचारा. ऋतू आपल्याला बदलता येणार नाही, पण झाकणाखाली किती धूर कोंडायचा, हे आपणच ठरवतो.